दार आणि चिऊ यांच्यामधली वीतभर जागा

चिऊची टाळू बेबीशालेच्या कडेला टेकली आणि आमच्या घरात सीट-पुराण सुरू झालं. बेबीशाले म्हणजे तान्ह्या बाळाची, हँडलवाली, परडीसारखी कार-सीट. जर्मनीत मूल १२ वर्षांचं किंवा १५० सेंटीमीटर उंच होईपर्यंत गाडीत त्याला त्याच्या मापाची सीट लागतेच. दवाखान्यातून घरी आली तीही चिऊ त्या परडीतूनच. बाळंतपणाला आलेली आई तेव्हा पार्किंगमध्ये उभी राहून म्हणाली होती, "अगं, मी मागे बसतेय ना, दे की माझ्या मांडीवर. परडीत काय घालतेस पोरीला, भाजी आहे का ती?"

आता चिऊ तेरा महिन्यांची झाली होती आणि पुढची सीट घ्यायची होती. मी नाशिकची, पहिल्यांदा जुन्या बाजारात गेले. तीस युरोला एक जाडजूड, दोन्ही बाजूंना हत्तीच्या कानांसारखे पंख असलेली सीट मिळाली. वर भलंमोठं स्टिकर: झाइटेनआउफप्रालशुट्झ. हा शब्द एका दमात म्हणता आला की जर्मन येतं असं समजायला हरकत नाही. अर्थ सरळ आहे, बाजूने बसणाऱ्या धडकेपासून बचाव. मी खूश. नवऱ्याने मात्र सीट उलटी करून मागचं नारिंगी लेबल वाचलं आणि म्हणाला, "ही आर ४४ आहे."

तिथून आमचा अभ्यास सुरू झाला. युरोपात सीटसाठी दोन नियम चालत आले. जुना आर ४४, त्यात सीट मुलाच्या वजनावरून ठरायची. नवा आर १२९, २०१३ पासूनचा, त्यात उंचीवरून ठरते. खरी गंमत पुढे आहे. जुन्या नियमात बाजूच्या धडकेची चाचणी मुळात नव्हतीच! माझ्या स्टिकरवरचं सगळं खोटं होतं असं मी म्हणणार नाही, कंपनीने आपापल्या परीने काहीतरी केलंही असेल. पण ते पुरेसं आहे का, हे तपासायला त्या नियमात कुणी बसलेलं नव्हतं. नव्या नियमात ही चाचणी सक्तीची आहे, आणि मूल निदान पंधरा महिन्यांचं होईपर्यंत उलटं, म्हणजे गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून बसवायचं हीसुद्धा सक्ती आहे. सप्टेंबर २०२४ पासून युरोपियन युनियनमध्ये आर ४४ वाल्या नव्या सीट विकता येत नाहीत. घरात असलेली वापरायला इथे बंदी नाही, त्यामुळे जुन्या बाजारात त्यांचा नुसता पूर आलाय.

बाजूच्या धडकेचा एवढा बाऊ का, हे मला आमच्याच गाडीचं मागचं दार उघडून उभं राहिल्यावर कळलं. समोरून धडक बसली तर बॉनेट चेपतं, इंजिनाची जागा चेपते, तेवढ्यात बराचसा जोर जिरतो. बाजूला काय आहे? वीतभर दार. त्याच्या आत लगेच पोरीचं डोकं. आणि या वयात डोकं अंगाच्या मानाने केवढं मोठं असतं, मान केवढी नाजूक! म्हणून सीटच्या पंखांनी डोकं आतल्या आतच धरून ठेवायला हवं, खांदे आणि कंबरही त्याच्याबरोबरच सरकायला हवी. एकटं डोकं हेलकावलं तर सगळा ताण मानेवर.

मग आम्ही एडीएसीचे निकाल काढले. ही इथली मोटारचालकांची संघटना, जर्मन लोक 'आडेआत्से' म्हणतात. श्टिफ्टुंग वारेनटेस्ट या ग्राहकांसाठी तपासण्या करणाऱ्या संस्थेबरोबर ती नियमाने सीटच्या चाचण्या घेते. नियमात समोरची धडक ५० किलोमीटर वेगाची असते, हे लोक ६४ ला मारतात. कापडात घातक रसायनं सापडली तर बाकी सगळं उत्तम असूनही सीट नापास. पहिल्या दिवशी मी यादी बघून एक चांगली सीट बाजूला टाकली होती, कारण तिला १.७ गुण होते. हे तर नापासच की! इथे शाळेतही एक म्हणजे सगळ्यात चांगलं असतं हे पाच वर्षं राहूनही डोक्यात बसलेलं नाही. शंभरपैकी पस्तीसवाले आपण.

यादी घेऊन आम्ही श्टुटगार्टजवळच्या एका दुकानात गेलो. तिथल्या बाईंनी यादी बाजूला ठेवली, आधी आमची गाडी दाखवा म्हणाल्या. भर थंडीत पार्किंगमध्ये येऊन त्यांनी मागच्या सीटच्या फटीत हात घातला आणि आयसोफिक्सच्या, म्हणजे सीट गाडीला थेट अडकवायच्या, दोन लोखंडी कड्या चाचपल्या. सीटचे दोन दांडे त्यांत खटकन बसतात, लाल खूण हिरवी होते. इथवर सगळं सोपं. मग त्यांनी सीटचा पुढचा पाय खाली सोडला. हा पाय गाडीच्या तळाला टेकतो आणि धडकेत सीट पुढे कलंडू देत नाही. आमच्या गाडीत मागे पाय ठेवायच्या जागेखाली झाकणवाला कप्पा आहे. पाय नेमका त्या झाकणावर. बाईंनी बुटाने झाकण दाबलं. ते लवलं.

"हे चालणार नाही," त्या म्हणाल्या.

आम्ही गाडी घेतली तेव्हा तो कप्पा बघून किती खूश झालो होतो! डायपर ठेवायला.

बाईंनी सीटच्या कंपनीची गाड्यांची यादी उघडली. आमचं मॉडेल होतं, पण शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं की कप्पा गाडीच्या कंपनीच्या भरणीने भरलेला असेल तरच. ती भरणी म्हणजे कठीण फोमचा एक ठोकळा, तो मागवला आणि आठ दिवस थांबलो. मधल्या काळात चिऊ परडीतच, टाळूवर टोपी घालून.

जुन्या सीटबद्दलही मी बाईंना भीत भीत विचारलं. त्यांनी पंखावर टिचकी मारली नाही की लेबल बघितलं नाही. एवढंच विचारलं, "या सीटचा आधी अपघात झालाय का, ते तुम्हाला माहीत आहे?" आतला थर्माकोलसारखा फोम एकदा चेपला की कापडावरून काही दिसत नाही. सीट तळघरात गेली, तीस युरो पाण्यात गेले.

जी घेतली तिच्या दाराकडच्या पंखाला एक ठोकळा आहे, तो बाहेर ओढायचा. दार बंद होईल एवढाच, आणि फक्त दाराच्या बाजूचा. बाईंनी पट्टेही लावून दाखवले. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून बघायचा, चुणी पडली तर ढिला आहे. आणि जाड जॅकेट घालून पट्टा लावायचा नाही, कारण पट्टा जॅकेटवर घट्ट असतो, मुलावर नाही. आता मी दर थंडीत पार्किंगमध्ये चिऊचं जॅकेट काढते आणि येणारेजाणारे आजीआजोबा माझ्याकडे रागाने बघतात. हे आजीआजोबा स्वाबियन, म्हणजे इथल्या भागातले, असोत की नाशिककर, नजर तीच.

किंमत चारशे युरो. फोनवर बाबांनी लगेच गुणाकार केला. "चाळीस हजार? अगं, तेवढ्यात जुनी अ‍ॅक्टिव्हा येते." मग थोड्या वेळाने म्हणाले, "आपल्याकडे असलं काही लागत नाही." लागतं, बाबा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यातही चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा त्याची सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे. बाबा नवी गाडी बघतायत म्हणून त्यांना हेही सांगितलं: २०२३ पासून भारत एनकॅप, म्हणजे गाड्या धडकवून सुरक्षेचे तारे देणारी चाचणी, सुरू झालंय, त्यात मोठ्यांचे तारे वेगळे आणि मुलांचे वेगळे. दीड आणि तीन वर्षांच्या मुलांच्या मापाचे पुतळे बसवून तपासतात. शोरूमवाला मोठ्यांचे तारे मोजून दाखवेल, तुम्ही दुसरी ओळ विचारा. तिकडे सीट घेणाऱ्यांनीही मागचं लेबल वाचावं, तिकडच्या दुकानांत अजून आर ४४ वाल्या दिसतात.

या उन्हाळ्यात आई पुन्हा आली. बोडेनझे या मोठ्या तळ्याकडे निघालो. सीट उजवीकडे, फुटपाथच्या बाजूला, आई शेजारी मधल्या जागेवर. निघायच्या आधीच तक्रार, "उलटं बसवून पोर काय बघणार गं? पाय बघ कसे दुमडलेत." मी तिला स्वीडनची गोष्ट सांगितली. तिथल्या बेर्टिल आल्डमान या डॉक्टरने १९६० च्या दशकात अमेरिकेच्या जेमिनी यानातल्या अंतराळवीरांच्या, सगळा जोर पाठीवर झेलणाऱ्या खुर्च्या बघून उलट्या सीटची कल्पना काढली. तिथे चार वर्षांपर्यंत मुलं अशीच बसतात, पाय दुमडून, आनंदाने. आईला अंतराळवीर काही फारसे पटले नाहीत. पण उलटं बसल्यामुळे चिऊचं तोंड थेट तिच्याकडे होतं, आणि गाडी सुरू व्हायच्या आत दोघींचं 'इथे इथे बस रे मोरा' सुरू झालं.

नवऱ्याने चावी फिरवली तेवढ्यात मागून आईचा आवाज.

"थांबा हो जरा. माझं बकल कुठे गेलं?"

ते चिऊच्या सीटखाली दबलं होतं. आम्ही दोघांनी दोन्ही दारांतून वाकून, सीट तिरकी न करता, पाच मिनिटं खणलं तेव्हा सापडलं.