क्राकूवचा वेतुलानी: वर्दी आणि पोथ्या

पोलंडमधल्या क्राकूवला आलेला माणूस वावेलचा किल्ला बघतो, मोठ्या चौकात फोटो काढतो आणि मिठाच्या खाणीकडे पळतो. मी मात्र कायद्याच्या इतिहासाचा अभ्यासक आदाम वेतुलानी याच्या मागावर होतो, म्हणून तिथून सरळ कोलेगियम नोव्हुम गाठलं. प्लांटी बागेला लागून यागेलोनियन विद्यापीठाची ही लाल विटांची इमारत. समोर १९१८ साली स्वातंत्र्याच्या आनंदात लावलेला ओक आता चांगलाच ऐसपैस झालाय.

आत ५६ नंबरचा वर्ग. ६ नोव्हेंबर १९३९ ला जर्मनांनी व्याख्यानाच्या नावाखाली प्राध्यापकांना इथे जमवलं आणि १८३ जणांना उचललं. कायद्याच्या इतिहासाचे जाणते अभ्यासक स्तानिस्वाव एस्ट्राइखर त्यांत होते. डिसेंबर सरायच्या आत झाक्सेनहाउझेनच्या छळछावणीत त्यांनी प्राण सोडला. भिंतीवरची पाटी वाचून होते, पण पाय निघत नाही.

त्यांच्याच विषयातला आदाम वेतुलानी मात्र त्या दिवशी इथे नव्हता, कारण तो युद्धावर गेला होता. १९२० मध्ये रशियाच्या बोल्शेविकांशी लढलेला हा गडी पुढे फ्रान्समधल्या पोलिश सैन्यात पोचला. जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळला, तेव्हा त्याची डिव्हिजन सीमा ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये शिरली. बारा हजारांवर माणसं, शस्त्रं खाली ठेवून नजरकैदेत! स्विस लोकांनी एक शहाणपणा केला, शिकणाऱ्या शिपायांसाठी विद्यापीठ छावण्या काढल्या. वेतुलानीसारख्या माणसाला आणखी काय हवं?

त्याचा जीव अडकला होता इटलीतल्या बोलोन्याच्या ग्राशियनमध्ये. ११४० च्या सुमारास या ग्राशियनने चर्चच्या कायद्याचा जंगी संग्रह केला. वेतुलानी म्हणायचा, यातले रोमन कायद्याचे उतारे मूळचे नाहीत, मागाहून घुसडलेत. अनेक पंडितांना हे पटेना. २००० च्या सुमारास अँडर्स विनरोथ या इतिहासकाराने हस्तलिखितं ताडून आटोपशीर असा पहिला मसुदा वेगळा काढला, आणि त्यात रोमन कायदा जेमतेमच निघाला. हे बघायला वेतुलानी नव्हता, तो १९७६ मध्येच वारला होता.

पुढे बसने सानोकला गेलो, त्याच्या जन्मगावी. सान नदीच्या वर किल्ला, किल्ल्यात जुन्या धर्मचित्रांचा खजिना. त्यासाठी अर्धा दिवस हाताशी ठेवाच. त्याचे वडील इथल्या शाळेत मास्तर होते. भाऊ काझिमिएश इंजिनियर. त्याला जर्मनांनी जुलै १९४१ मध्ये ल्वूवला (आजचं युक्रेनमधलं ल्विव) मारलं. दुसरा, तादेउश, लुप्त झालेल्या रानघोड्यांचा वाण बियावोव्येझाच्या जंगलात परत उभा करायच्या मागे लागला. त्याच्या त्या कोनिक जातीच्या घोड्यांचे कळप आज रोस्तोचेच्या राष्ट्रीय उद्यानात चरतात. पुढचा मुक्काम तिकडेच.