लॉबीतली भिंत आणि पंधरा रुपयांचं खत

मी मोशन डिझायनर आहे, म्हणजे आमच्या घरच्यांच्या भाषेत कंप्युटरवर काहीतरी हलवत बसतो. हल्ली मोठ्या एलईडी भिंतींसाठी ॲब्स्ट्रॅक्ट आर्टची कामं जास्त येतात, हॉटेलं, ऑफिसच्या लॉब्या वगैरे. यावेळचा क्लायंट एक फायनान्स कंपनी होती, पुण्यात नवं ऑफिस, नाव सांगत नाही. ब्रीफ असं की "आजचं धावतं जग आणि मागे पडलेली परंपरा, पण लिटरल नको हं, फेटा नको, तुतारी नको, वारी तर अजिबात नको, मागच्या एजन्सीने तेच दिलं होतं. फील पाहिजे फक्त."

फील म्हटल्यावर मला मोडी आठवली, पूर्वी मराठी हाताने झरझर लिहायचे ती लिपी. आमचे आजोबा शेवटपर्यंत सही मोडीतच करायचे आणि बँकेत दर वेळी वाद व्हायचा. मोडी नुसती बघायला सुद्धा जबरदस्त असते. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ रेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जायचं, बोरू शक्यतो उचलायचाच नाही, दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही, ह्रस्व-दीर्घाची फारशी फिकीर नाही. स्क्रीनसाठी याहून भारी काय पाहिजे, न थांबणारी रेघ! युनिकोडमध्ये मोडी २०१४ पासून आहे, फुकट फाँट पण मिळतात, मी आधी तेच टाकून बघितलं पण फाँटमधली अक्षरं शाळेच्या रांगेत उभी केल्यासारखी दिसतात, हाताचा वेग सगळा गायब. म्हणून खरे कागद लागणार होते.

ते एका मित्राकडे निघाले. त्याच्या गावी वाडा आहे, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून फार लांब नाही, तिथे माळ्यावर जुन्या कागदांचे दोन रुमाल पडून होते (अशा फडक्यात बांधलेल्या दप्तराला रुमालच म्हणतात). तो म्हणाला घेऊन जा, आमच्याकडे कुणाला वाचता येत नाही, वाळवी लागायच्या आधी काहीतरी होऊ दे. त्यातला शाईने सगळ्यात सुंदर वाटणारा एक कागद मी उचलला, स्कॅन केला, रेघा वेगळ्या काढल्या, व्हेक्टर केल्या आणि टचडिझायनर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या. भिंतीवर त्या रेघा आधी अगदी लहान चौकोनांत फुटतात, चौकोन आपण मोबाईलवर बोट फिरवतो तसे वर सरकत राहतात, वेग वाढत वाढत जातो, आणि मधूनच सगळे तुकडे गोळा होऊन पुन्हा पूर्ण पान उभं राहतं, जेमतेम काही सेकंद, की परत फुटलं. मार्केटिंग हेड मॅडमना प्रचंड आवडलं. "हे बघून काहीच कळत नाही, पण काहीतरी वाटतं," असं म्हणाल्या, आणि आमच्या धंद्यात याहून मोठी पावती नाही.

मग मध्ये कंप्लायन्स आला, म्हणजे कंपनीतलं नियम-कायदे बघणारं खातं. भिंतीवर कुठलीतरी लिपी आहे म्हटल्यावर त्यांचं म्हणणं पडलं की त्यात काही धार्मिक, राजकीय, आक्षेपार्ह नाही असं मोडी जाणणाऱ्या माणसाकडून लेखी घ्या. आता मोडी वाचक शोधणं म्हणजे काय चेष्टा आहे का? २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं, न्यायमूर्ती शिंदे समिती बसली, तेव्हापासून तहसील कचेऱ्यांमधून या लोकांना जी मागणी आली ती आली. ज्या लिपीला काल कुणी विचारत नव्हतं तिच्या नुसत्या एका नोंदीवर आता घराघराचे दाखले अटकून. बऱ्याच फोनाफोनीनंतर एक मुलगी मिळाली, तिशीच्या आतली असेल, मोडीचा कोर्स केलेली, दिवसभर जन्ममृत्यूची जुनी रजिस्टरं वाचून दमलेली. संध्याकाळी सातला येते म्हणाली, पानामागे फी ठरली.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन, त्यामुळे त्या संध्याकाळी लॉबीत सगळेच होते. एलईडीवाला पोरगा शिडीवर एका पॅनेलची फट बसवत होता, मार्केटिंगवाल्या मॅडम, कंप्लायन्सचे एक सर लॅपटॉप उघडा धरून, आणि मी. ती आली, पाठीवरची सॅक खाली ठेवली आणि भिंतीकडे बघत उभी राहिली. मला वाटलं छान वगैरे म्हणेल. ती म्हणाली, "दादा, जरा थांबवता येईल का? पळतंय फार."

मी पान जुळलेल्या फ्रेमवर पॉज केलं. ती भिंतीच्या अगदी जवळ गेली, मग एलईडीचे ठिपके दिसायला लागले म्हणून मागे आली, आणि ओठातल्या ओठात सुरू झाली. मोडी वाचताना शब्द कुठे तुटतो हे आपणच ठरवायचं असतं, त्यामुळे ती तेच तेच दोन-तीनदा म्हणायची, वेगवेगळ्या जागी थांबून, आणि एकदम गाडी सुटायची. "शके सतराशे अठ्ठ्याण्णव, धाता नाम संवत्सरे, मार्गशीर्ष..." मग खाली, "कर्ज घेतले रुपये पंधरा... दरमहा दरसदे रुपये दोन... बदल गहाण तांब्याचा हंडा एक, परात एक, तपेली..." तपेल्या किती तिथे शाई फुटली होती.

शिडीवरचा पोरगा काम थांबवून ऐकत होता.

खरं सांगायचं तर मी तो कागद इतके दिवस इतक्या जवळून बघितला होता की त्यातली प्रत्येक वेलांटी मला पाठ होती, कुठे बोरू बुडवला आणि कुठे शाई संपत आली हे सुद्धा कळायचं. पण त्यात कुणाचातरी हंडा होता! माझ्यासाठी, मॅडमसाठी, आम्हा सगळ्यांसाठी ते ॲब्स्ट्रॅक्ट होतं कारण आम्ही अडाणी होतो. तिच्यासाठी ती साधी लिहिलेली गोष्ट होती, मी फक्त ती विनाकारण पळवत होतो.

"अठराशे शहात्तरचा डिसेंबर येतो हा," ती म्हणाली. "दुष्काळाचं वर्ष." १८७६ ते ७८ चा तो मोठा दुष्काळ, दख्खनमध्ये पाऊस गेला ते साल. घरातली भांडी बाहेर पडतात ती अशाच वर्षी. आणि मग ती जे बोलली त्याने मी गारच पडलो. "या भागात हे असले कागद एवढे उरलेत हेच नवल आहे दादा. याच्या आदल्याच वर्षी सुप्याला लोकांनी सावकारांकडून खतं, म्हणजे हे असले कर्जाचे कागद, हिसकावून जाळली होती ना." मे १८७५, सुप्याच्या बाजाराच्या दिवशी सुरू झालेला दंगा, मग पुणे-नगरच्या कितीतरी गावांत पसरला, माणसं मारण्यापेक्षा लोकांचा रोख कागदांवर होता, खत जळलं की कर्ज जळलं. त्यानंतर सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. आणि तसलाच टिकून राहिलेला एक कागद मी अठरा फुटी भिंतीवर, कर्ज देणाऱ्या कंपनीच्या दारात, गोल्डन ग्रेडियंट मारून लावला होता. अशी सेटिंग ठरवून पण जमली नसती.

मी विचारलं, फेडलं असेल का त्याने? ती म्हणाली, "फिटलं असतं तर खत परत गेलं असतं नाहीतर फाडलं असतं. सावकाराच्याच रुमालात आहे म्हणजे..." आणि खांदे उडवले.

आता मजा बघा. कंप्लायन्सचे सर इतका वेळ टाइप करत होते, त्यांनी विचारलं, "कर्ज घेणाऱ्याचं नाव आहे का यात?" आहे, वडलांच्या नावासकट, गावासकट. "मग ते मास्क करावं लागेल. बॉरोअरचा डेटा आहे." मॅडम म्हणाल्या, "अहो, दीडशे वर्षं झाली." सर म्हणाले, "पॉलिसीत वर्षं लिहिलेली नाहीत." मला हसू आवरेना, पण खोटं कशाला बोलू, मला ते मनातून पटलं सुद्धा. तो माणूस कुठे हंडा गहाण टाकायला गेला असेल तेव्हा चार लोकांना कळू नये असंच त्याला वाटलं असणार, आणि इथे येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याच्यासमोर सेल्फी काढणार. मी तिथेच बसून नावाच्या ओळीवर नॉइज टाकला, ती शेजारी उभी राहून सांगत होती, "अजून डावीकडे, अजून, वडलांचं नाव राहिलं."

तेवढ्यात मॅडमनी मनातल्या मनात हिशोब केला होता. "शेकडा दोन दरमहा म्हणजे वर्षाला चोवीस टक्के?" शिडीवरून आवाज आला, "क्रेडिट कार्डापेक्षा स्वस्त आहे मॅडम." कुणीच काही बोललं नाही, मी मात्र त्या पोराला नंतर चहा पाजला.

रात्री मित्राला फोन केला, कागदात काय निघालं ते सांगितलं. तो थोडा वेळ गप्पच. मग म्हणाला, सावकारी होती हे घरात सगळ्यांना माहितीये पण कुणी विषय काढत नाही, बाकीचा रुमाल वाचून घेऊ की नको ते आईला विचारून सांगतो. अजून सांगितलेलं नाही, मीही मागे लागलो नाही.

सकाळी उद्घाटनाच्या दोन तास आधी मेल आला. कायदेशीर टीमने रात्री पुन्हा विचार केला होता. नाव राहू द्यायला हरकत नाही, कारण ते कुणाला वाचता येत नाही. मात्र मोडीतले आकडे बरेचसे आपल्या देवनागरीसारखेच दिसतात, त्यामुळे पंधरा आणि दोन लोकांना ओळखू येतायत, तेवढे काढा. मी आकडे काढले. नावावरचा नॉइज मात्र काढला नाही आणि तसं कुणाला कळवलंही नाही. नंतर बिल पाठवलं, त्यात तिच्या फीची वेगळी ओळ घातली, ती फी त्यांनी त्याच आठवड्यात पास केली. माझं बिल अजून फिरतंय, अकाउंट्सवाले म्हणतात प्रोसेसमध्ये आहे.