तुम्ही विचारलंत म्हणून: बॉम्बर आणि साबण एकत्र का?

कवितावाचन संपलं की दर वेळी कुणीतरी गाठतंच. ‘मॅडम, ती विमानातली कविता अंगावर येते, पण लगेच तिच्यामागे ती सुपरमार्केटवाली बाई कशाला? आणि मर्ढेकरांचे पिपातले उंदीर असताना हा अमेरिकन कुठून आणलात?’ आता एकदाचं लिहूनच टाकते.

मर्ढेकर मला पाठ आहेत, त्यावरून वाद नको. रँडल जॅरेल हा अमेरिकन कवी वाचते कारण त्या दोन्ही कविता एकाच माणसाच्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेच्या हवाई दलात होता, स्वतः लढाईवर गेला नाही, विमानांवर जाणाऱ्या पोरांच्या ट्रेनिंगच्या कामावर होता. 1945 सालची त्याची ती पाच ओळींची कविता. बॉम्बरच्या पोटाखाली पारदर्शक गोळा, त्यात दोन मशीनगन आणि एक बुटका, बारका पोरगा, आईच्या पोटात असल्यासारखा मुडपून बसलेला. शेवटच्या ओळीत तो मेलाय आणि त्याला पाइपनं पाणी मारून त्या गोळ्यातून धुऊन काढतात. गोळा परत लागणार ना, दुसरा कुणीतरी बसायचाय. हे कवितेत कुठेही लिहिलेलं नाही आणि तरी तेच ऐकू येतं.

साठच्या दशकातल्या त्याच्या दुसऱ्या कवितेतली बाई मात्र सुखवस्तू. चिअर, जॉय, ऑल अशा साबणांच्या खोक्यांपुढून ट्रॉली ढकलत चाललीय, नवरा, घर, मुलं, तरुणपणी मागितलेलं सगळं मिळालंय. आता तिला एवढंच हवंय की गाडीत सामान ठेवणाऱ्या पोरानं तिच्याकडे बघावं. तो बघत नाही.

आता आमच्या आबांचं सांगते, म्हणजे माझा हट्ट कळेल. आबा 71 च्या लढाईत होते, पूर्वेकडे. 26 जानेवारीच्या सेलला गावातल्या एका शोरूमनं त्यांना सत्काराला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, छातीला मेडल्स, सकाळपासून तयार. वॉशिंग मशीनच्या रांगेपुढे उभं करून शाल घातली आणि माइकवाल्या पोरानं विचारलं, ‘काका, किती उडवले?’ आबा जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी एका मित्राचं नाव घेतलं, शेजारी असताना गेलेल्या, ते नाव मी घरी जन्मात एकदाच ऐकलं होतं, आणि ते पुढे काही बोलणार तेवढ्यात तो पोरगा ओरडला, ‘जोरदार टाळ्या! आणि आजच्या दिवशी एक्सचेंजवर जादा सूट!’ मागे स्पीकरवर देशभक्तीचं गाणं लागलं. आबा तसेच उभे, तोंड अर्धवट उघडं. संध्याकाळी त्यांचा फोटो दुकानाच्या जाहिरातीत, खाली ऑफरची तारीख.

मी त्या दुकानदाराशी भांडायला निघाले होते. आबांनीच अडवलं. म्हणाले, ‘राहू दे गं. त्यांनी बोलावलं तरी. बाकी कोण विचारतंय?’

इथे माझं सगळं अडतं. तुम्ही म्हणता, युद्धात जबरदस्ती असते, दुकानात आपण आपल्या पायानं जातो, दोन्ही एका मापात कसे मोजता? कॉलेजात असताना मीही हेच म्हणायचे, हिरिरीनं, आणि ते खोटं नाही. धुऊन काढलेला पोरगा आणि कुणी न बघितलेली बाई, दोघांचं दुःख सारखं नाहीच, तसं मी कधी म्हटलंही नाही. मीही मॉलमध्ये जाते, घरी मशीन आहे, त्याबद्दल कुणी ऐकवू नये. पण त्या दिवशी आबा एकाच वेळी दोन्ही कवितांत उभे होते, लढाईनं वापरलेले आणि सेलनंही, आणि वर ‘निदान बोलावलं’ म्हणून बरं वाटून घेणारे. त्यांना बरं वाटलं ते खरंच होतं, ते मी कुठल्या तोंडानं खोडू?

ती शाल आबा अजून वापरतात. मी चिडते, ते म्हणतात ऊबदार आहे. पुढच्या वाचनालाही या दोन कविता मी लागोपाठच वाचणार आहे, आणि तुम्हाला पटलं नाही तर परत विचारा, कारण आबांना मी अजून पटवू शकलेले नाही.