घोट्याच्या पिना आणि माझ्या तीन फेऱ्या

पावसात अंगणातल्या चिऱ्यावरून पाय सटकला आणि उजवा घोटा दोन्हीकडून मोडला. खानापुरातून बेळगावला नेलं, प्लेट-स्क्रू बसले, पाचव्या दिवशी घरी. त्याबद्दल काय तक्रार नाही. तक्रार आहे ती पिनांची.

बाहेरच्या बाजूला प्लेटवरची कातडी जोडायला 14 स्टेपल पिना आणि आतल्या बाजूला नायलॉनचे 5 टाके, म्हणजे एकाच पायावर दोन्ही तऱ्हा. पंधराव्या दिवशी गावातल्या डॉक्टरांनी टाके कात्रीनं दोन मिनिटांत काढले, पिना बघून म्हणाले, "ह्याला रिमूव्हर, म्हणजे पिना काढायचं हत्यार लागतंय, माझ्याकडं नाही, जिथं मारलंय तिथं जावा."

झालं. भाच्याच्या गाडीतनं, पाय मागच्या सीटवर आडवा टाकून बेळगाव. केसपेपरची लाईन, सगळं कन्नडात, वॉकरवर उभं राहून नंबर आला तोवर दीड वाजला, ड्रेसिंग रूम बंद. "नाळे बर्री," म्हणजे उद्या या. दुसऱ्या दिवशी रूम उघडी, पण सर ऑपरेशनला, आणि त्यांनी बघितल्याशिवाय सिस्टर हात लावणार नाही. चारपर्यंत बसलो, पाय खाली सोडून, भाकरीसारखा फुगला. तिसऱ्या दिवशी सर भेटले तर रिमूव्हर ऑपरेशन थेटरात! वॉर्डबॉय आणायला गेला तो अर्ध्या तासानं आला. काढायला लागली पाच मिनिटं, एकेक पिन जरा चिमटा काढल्यासारखी, बस्स.

वर सर शांतपणे म्हणतात, उशीर झाला ते बरंच, घोट्याला दोन-तीन आठवडे ठेवावंच लागतंय. चेहऱ्याचे टाके 5-7 दिवसांत निघतात, पण इथं कातडी पातळ, खाली चरबी नाही, लगेच हाड, त्यात सूज, घाईनं काढलं तर जखम उसवते. मग हे डिस्चार्जच्या कागदावर लिहायला काय झालं होतं?

पिना का मारल्या विचारलं, तर पटकन होतंय म्हणाले, ऑपरेशनचा वेळ वाचतो. आतनं विरघळणारे टाके वेगळेच असतात, ते काढायचे नसतात. तर घरी जायच्या आधीच विचारा, वर काय घातलंय आणि कोण काढणार. आणि हो, पाय छातीपेक्षा उंच ठेवा, दोन उशा लागतात, एकीनं भागत नाही. शुगर असेल तर सांभाळा. विडी-सिगारेट बंदच, त्यानं जखम भरायला उशीर होतो. तंबाखूच्या निपाणीतल्या आमच्या पाव्हण्यांना हे सांगितलं तर हसले.

माझी खालच्या टोकाची एक जागा आठवडाभर पाझरत होती, रोज ड्रेसिंग करून सुकली. आता आतल्या बाजूला बारीक रेघ आहे, बाहेरच्या बाजूला शिडीसारखे ठिपके.