आमची वाटचाल : आधी बोर्ड, मग रॅम

इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये नवा संगणक हवा तेव्हा मिळतो. आमच्या फर्मचं काम मात्र पहिल्यापासून जुन्या डेस्कटॉपचं. वकिलांची ऑफिसं, टॅली चालवणारे हिशेबनीस, लग्नपत्रिका करणारी डीटीपीची दुकानं, रामबागेतल्या घरांमधले जुने पीसी. सगळ्यांची मागणी एकच असते : ‘मशीन हळू झालंय, रॅम वाढवून द्या.’

सुरुवात एसडीरॅमच्या, म्हणजे डीडीआरच्या आधीच्या रॅमच्या, काळातली. एका मदरबोर्डात २५६ एमबीची स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, पूर्ण दिसायची आणि दुसऱ्यात तीच १२८ एमबी दाखवायची. स्टिक चांगलीच असायची, अडचण चिपच्या घनतेची, म्हणजे एका चिपमध्ये किती मेमरी मावते याची होती. इंटेलच्या ४४० बीएक्स चिपसेटला (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपना) १२८ मेगाबिटपर्यंतचीच, म्हणजे १६ एमबीची चिप कळते. म्हणजे २५६ एमबीच्या स्टिकवर १६ चिप असतील तर ती पूर्ण दिसते, ८ असतील तर अर्धी. तेव्हापासून रॅम हातात घेतली की आम्ही आधी चिप मोजतो.

ही सवय पुढे इंटेलच्या जी४१ चिपसेटच्या बोर्डांवर फार उपयोगी पडली. डीडीआर थ्री घेणाऱ्या या बोर्डाला २ गिगाबिटच्या, म्हणजे २५६ एमबीच्या वरची चिप चालत नाही. ४ जीबीची स्टिक लावायची तर दोन्ही बाजूंना मिळून १६ चिप असलेलीच हवी. आज बाजारात ८ चिपवाली सहज मिळते, तिच्यावर बहुतेकदा डिस्प्लेच येत नाही आणि मग बोर्ड गेला असं समजून तो भंगारात जातो. चांगला बोर्ड असा फुकट गेलेला आम्हाला बघवत नाही.

म्हणून स्टिक विकत घेण्याआधी केस उघडून बोर्डावर छापलेलं मॉडेल वाचायचं आणि चिपसेटची मर्यादा बघायची. ८१५ ला एकूण ५१२ एमबी, ९४५ आणि जी३१ ला ४ जीबी, एच६१ ला दोन स्लॉटमध्ये मिळून १६ जीबी. ९४५ वर ४ जीबी भरली तरी विंडोज ६४ बिट असूनही सव्वातीनच्या आसपासच मिळते, कारण मेमरीच्या पत्त्यांची वरची जागा ग्राफिक्स आणि इतर उपकरणं घेतात. अशा ठिकाणी आम्ही ग्राहकाला ३ जीबीवर थांबायला सांगतो.

स्वस्तात मिळणाऱ्या दोन प्रकारांपासून सावध राहावं. एक, ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून विकली जाणारी ४ जीबीची स्टिक. इंटेलच्या बोर्डावर ती चालत नाही. दुसरा, सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड ईसीसी रॅम. ती साध्या डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये बसते, पण संगणक सुरू होत नाही. डीडीआर टू आणि डीडीआर थ्री या दोन्हींना २४० पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेजही वेगळं, १.८ आणि १.५. स्टिक सहज बसत नसेल तर जोर लावू नये.

बसवण्याची पद्धत ठरलेली आहे. नुसता संगणक बंद करून भागत नाही, कारण वायर जोडलेली असेपर्यंत एसएमपीएसचे (वीजपुरवठ्याच्या डब्याचे) ५ व्होल्ट स्टँडबाय बोर्डावर असतातच. वायर काढायची, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं. जुन्या स्टिकचे सोनेरी पट्टे पांढऱ्या खोडरबरने हलके पुसायचे, चुरा ब्रशने झटकायचा, वर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवायचा. स्लॉटमध्ये मऊ ब्रश आणि ब्लोअर. उन्हाळ्यातली धूळ स्लॉटमध्ये साचते, पावसाळ्यात तिला ओल धरते, आणि जुलैत ‘कालपर्यंत चालत होता’ म्हणत येणारे संगणक बरेचदा एवढ्यानेच सुरू होतात.

तरी रॅम न मिळाल्याची बीप येत राहिली तर एकच स्टिक पहिल्या स्लॉटमध्ये लावून बघायची, मग तीच दुसऱ्यात, मग दुसरी स्टिक त्याच क्रमाने. दोष स्टिकचा की स्लॉटचा ते चार फेऱ्यांत कळतं. मध्ये एकदा सीमॉस क्लिअर करून (बोर्डाच्या साठवलेल्या सेटिंग पुसून) त्या जपणारा सीआर२०३२ सेल मोजावा. ३ व्होल्टच्या सेलमध्ये २.७ पेक्षा कमी उरले असतील तर तो बदलावा. स्लॉटजवळचे कपॅसिटर फुगलेले असतील तर रॅम बदलून काहीच होणार नाही.

कोअर आय मालिकेच्या बोर्डांत एक वेगळा दोष दिसतो. तिथे रॅम हाताळणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच असतो. सॉकेटची एखादी पिन वाकली किंवा कूलरचा एक कोपरा जास्त आवळला गेला की एक स्लॉट मेल्यासारखा होतो. एच६१ वर दुसरा स्लॉट रॅम ओळखत नसेल तर आम्ही प्रोसेसर काढून भिंगाखाली पिना बघतो, मग कूलर समोरासमोरचे कोपरे थोडेथोडे आवळत बसवतो.

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) पूर्ण रॅम दिसते पण विंडोज कमी दाखवते, तेव्हा आधी विंडोज ३२ बिट आहे का ते बघावं. ६४ बिट असेल तर सिस्टिम कॉन्फिगरेशनच्या बूट विभागात ‘मॅक्झिमम मेमरी’ची खूण कुणी लावून ठेवली आहे का ते तपासावं आणि ती काढावी.

संगणक सुरू झाला म्हणजे काम झालं असं आम्ही मानत नाही. रॅम तपासणारा मेमटेस्ट हा प्रोग्राम रात्रभर चालतो. दोन वेगांच्या स्टिक एकत्र लावल्या की दोन्ही हळू स्टिकच्या वेगाने चालतात, पण काही जोड्या तासाभरानंतर चुकायला लागतात. एक जरी चूक निघाली तरी ती जोडी देत नाही, कारण टॅलीचा डेटा बिघडला तर वर्षाचा हिशेब जातो.

संगणक परत जातो तेव्हा बोर्डाचं मॉडेल, चिपसेट, कमाल रॅम, कोणत्या स्लॉटमध्ये कोणती स्टिक आणि मेमटेस्टच्या किती फेऱ्या झाल्या, एवढं लिहिलेली चिठ्ठी केसच्या आतल्या बाजूला चिकटवलेली असते. काढलेली स्टिक अँटीस्टॅटिक पिशवीत घालून ग्राहकाच्या हाती देतो.