नाही म्हणण्याचा पगार

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, नाहीतर या प्रश्नाला उत्तर देणं मी कधीच सोडून दिलं होतं.

प्रश्न दोन तऱ्हांनी येतो. नातेवाईक विचारतात, "कोड लिहीत नाहीस, डिझाइन करत नाहीस, विकायला जात नाहीस. मग तू प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून दिवसभर करतेस काय?" आणि बिल्डिंगमधले लिफ्टमध्ये गाठून म्हणतात, "तुमच्या त्या ॲपमध्ये एवढंसं एक बटण टाकायला तुम्हाला काय होतं हो?" गेल्या गणपतीत माझ्या नणंदेच्या नवऱ्याने दोन्ही प्रश्न एकदम निकालात काढले. मी सांगत होते की लोकांच्या मागण्या ऐकायच्या, समजून घ्यायच्या आणि त्यातल्या बहुतेक नाकारायच्या, हे माझ्या कामातलं मोठं काम. ते म्हणाले, "म्हणजे तुला नाही म्हणायचा पगार मिळतो!" सगळे हसले, मीही हसले. राग नंतर आला, कारण त्यांचं बरंचसं बरोबर होतं.

आमचं ॲप कसलं ते ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही टॉवरमध्ये राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. डिलिव्हरीवाला गेटवर आला की फोन वाजतो, मेंटेनन्सचं बिल येतं, कामवाल्या बाईंची हजेरी लागते. तसलं ॲप. ऑफिस ऐरोलीला, घर वाघबीळला. मधल्या प्रवासाबद्दल न बोललेलं बरं.

पूर्वी मी या हुद्द्याचा इतिहास सांगून भाव खायचे. १९३१ साली प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये नील मॅकेलरॉय नावाचा तरुण कॅमे साबणाच्या जाहिराती बघत होता. कॅमेला बाहेरच्या साबणांइतकाच त्रास घरच्याच आयव्हरी साबणाचा होता. त्याने वरिष्ठांना मेमो लिहिला, की एकेका ब्रँडचं सगळं बघणारी स्वतंत्र माणसं नेमा. हाच माणूस पुढे अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या मंत्रिमंडळात संरक्षणमंत्री झाला. सॉफ्टवेअरमध्ये ऐंशीच्या दशकात मायक्रोसॉफ्टने असं काम करणाऱ्यांना प्रोग्रॅम मॅनेजर म्हटलं. २००२ मध्ये गूगलमध्ये मरिसा मायर यांनी नवख्या मुलामुलींना यासाठी तयार करायचा कार्यक्रमच सुरू केला. हे सगळं ऐकून माझ्या सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मूळ साबणाचंच ना?"

मूळ साबणाचंच. पण त्या मेमोतली एक गोष्ट मला अजून पटते. माल खपत नसेल तर त्या माणसाने स्वतः त्या भागात जावं, दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांनाही भेटावं आणि दुखणं कुठे आहे ते शोधावं, असं त्यात लिहिलंय. बाकी रोडमॅप (पुढच्या कामांचा आराखडा), बॅकलॉग (राहिलेल्या कामांची यादी), स्प्रिंट (काही आठवड्यांचा कामाचा टप्पा) ही सगळी नंतरची भांडीकुंडी.

मागे एकदा मी माझ्या प्रोफाइलवर "प्रॉडक्टची मिनी सीईओ" असं लिहून ठेवलं होतं. ते कुणी वाचून दाखवलं तर आज मी खोलीतून उठून जाईन. सीईओला माणूस कामावर घेता येतो, काढता येतो. माझ्या हाताखाली एकही माणूस नाही. डेव्हलपर त्यांच्या मॅनेजरला उत्तर देतात, डिझायनर तिच्या, सेल्सवाले टार्गेटला. अधिकार काडीचा नाही आणि तक्रार कुणाचीही असो, दार माझं, हे सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं झालं.

आणि ते बटण. डिलिव्हरीवाल्यासाठी "गेटवरच ठेव" असं बटण द्या, ही आमच्याकडची सगळ्यात जुनी मागणी. बटणाचं काम थोडकं आहे, कबूल. पण गेटवर ठेवायला जागा कुठे? दूध नासलं तर कुणाचं? रात्री आठ-नऊच्या गर्दीत, गाड्यांची रांग लागलेली असताना, कुठलं पार्सल कुठल्या विंगचं हे वॉचमनने लक्षात ठेवायचं का? आणि पार्सल हरवलं तर पैसे कुणाच्या पगारातून कापणार, हे तुम्हीही जाणता, मीही जाणते. हे सगळं लिफ्टमध्ये चौदा मजल्यांत सांगून होत नाही, म्हणून मी "बघते हं" म्हणते आणि तुम्ही मला आळशी समजता.

आता ते, ज्यामुळे मी हे लिहायला बसले.

२०२४ च्या पावसाळ्यात एका मोठ्या कॉम्प्लेक्सच्या कमिटीने मागणी केली, की कामवाल्या बायकांना रेटिंग द्यायची सोय हवी. पाचपैकी किती तारे, खाली दोन ओळी शेरा, आणि तो कॉम्प्लेक्समधल्या सगळ्या घरांना दिसणार. त्यांचं वर्षाचं रिन्यूअल तोंडावर होतं. आमच्या सेल्सने "पुढच्या महिन्यात येतंय" असं सांगूनही टाकलं होतं. डेव्हलपर म्हणाला, दोन-तीन दिवसांचं काम. डिझाइन तर दुसऱ्याच एका स्क्रीनवरून उचलता आलं असतं. अडायचं काही कारणच नव्हतं.

मी एका सकाळी त्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर जाऊन बसले, साडेसहाला. पाऊस धरून होता. बायका एकामागून एक येत होत्या. छत्री मिटायची, टॅबलेटवर सहा आकडी कोड टाकायचा, आत जायचं. ओल्या बोटांनी स्क्रीन काही दाद देत नव्हता. वॉचमन दर दोन बायकांमागे खिशातल्या रुमालाने काच पुसत होता. शेवटी त्याने टॅबलेट स्वतःकडे ओढला. बायका लांबूनच कोड ओरडून सांगायला लागल्या आणि तो टाइप करायला लागला. ज्या कोडच्या गोपनीयतेवर आम्ही एक अख्खा स्प्रिंट घालवला होता, तो रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जात होता.

पन्नाशीच्या एक बाई होत्या. मी कुठून आले ते कळल्यावर त्या थांबल्या. म्हणाल्या, "ते तुमचंच का? मग एक सांगा ताई. मी गेटात पाय टाकला की पाचही घरांत घंटी वाजते. मी काय पाचही घरांत एकदम शिरणार? पहिल्या घरची भांडी हातात असतात आणि पाचव्या घरची फोन करते, आत येऊन तासभर झाला, वर का नाही आलीस?"

मला घाम फुटला म्हटलं तर खोटं होईल, पावसात तसंही काही कळत नव्हतं. पण त्या "बाई आल्या" नोटिफिकेशनचा आकडा आम्ही प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये दाखवायचो. सगळ्यात जास्त उघडलं जाणारं नोटिफिकेशन. ते उघडून लोक पुढे काय करतात, हे आम्ही कधी मोजलं नव्हतं. ते फोन करत होते.

तेवढ्या बाबतीत उपाय निघाला. प्रत्येक घराने आपली वेळ टाकायची, त्या वेळेच्या आसपासच घंटी वाजणार. आधी कुरकुर झाली, मग ते अंगवळणी पडलं. असल्या कामाबद्दल मला कुणी कधी विचारत नाही.

रेटिंगचं मात्र अडलं. परतीच्या रिक्षात मी मांडणी करून बघितली. पैसे देते कमिटी. ॲप वापरतात फ्लॅटवाले. टॅबलेट चालवतो वॉचमन. या तिघांच्या मुलाखती आम्ही घेतो, तिघांच्या तक्रारींना तिकीट नंबर मिळतो. बाई यात कुठेच नव्हत्या. आमच्या डेटाबेसमध्ये त्यांची एक ओळ होती: नाव, फोटो, कोड, वेळ. त्यांच्याकडे आमचं ॲपच नव्हतं. तारे त्यांना मिळणार, पण दिसणार बाकी सगळ्यांना. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा २००८ चा कायदा आहे, त्यांची नोंदणी कामगार म्हणून होते. आमच्याकडे त्यांची जमा येणाऱ्या-जाणाऱ्यांत होती.

मीटिंगमध्ये मी नाही म्हटलं. सेल्सच्या प्रमुखांनी विचारलं, "एका बाईचं म्हणणं म्हणजे डेटा का?" मी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा पुढे केला. आपल्याबद्दलची माहिती बघायचा, दुरुस्त करून घ्यायचा हक्क त्यात आहे. त्यावर उत्तर आलं की नियम अजून निघालेले नाहीत, निघतील तेव्हा बघू. तेही खरंच होतं. खरं सांगायचं तर कायदा मी ढालीसारखा धरला होता. माझं कारण कायद्याचं नव्हतंच.

कमिटीचे सेक्रेटरी निवृत्त बँक अधिकारी, सज्जन माणूस. त्यांना खलनायक करून ही गोष्ट सोपी करता आली असती. ते मला म्हणाले, "मॅडम, मागच्या वर्षी आमच्याकडे एका आजींचं कपाट साफ झालं. मुलगा परदेशात, आजी एकट्या. कुणाला घरात घ्यायचं हे त्यांनी कुणाला विचारायचं? गेटवर फोटो दाखवून तुम्ही आम्हाला सांगता की सुरक्षित आहात." मी म्हटलं, नुसत्या शिफारशी ठेवू. ज्या घराला काम आवडलं त्याने तसं लिहावं, वाईट लिहायची सोयच नको. ते हसले. म्हणाले, "शिफारस वॉचमनपण करतो. आम्हाला सावध करणारं काहीतरी हवंय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

ते कॉम्प्लेक्स गेलं. दुसऱ्या ॲपवर गेलं, जिथे तारे आहेत. पाठोपाठ शेजारचीही एक सोसायटी गेली. आमच्या एका सेल्सच्या मुलाचा त्या तिमाहीचा इन्सेंटिव्ह बुडाला. तो कँटीनमध्ये बरेच दिवस माझ्या टेबलावर बसत नव्हता. त्याच्या घराचा हप्ता मी भरत नाही, हे त्याने मला न बोलता समजावलं.

पूर्वीची मी, ती मिनी सीईओ, या सगळ्यावर काय म्हणाली असती ते मला माहीत आहे. तिची आवडती स्लाइड होती: डेटा ठरवेल. थोड्या घरांत सुरू कर, वापर बघ, मग निर्णय घे. तिला मी विचारलं असतं, वापर भरपूर होणार हे तुला दिसत नाही का? लोकांना तारे द्यायला आवडतं. रविवारी सकाळी चहा घेताना अर्धी सोसायटी बसली असती. आकडा वर जाईल हे मला माहीत होतं आणि मला तेच नको होतं. ती म्हणाली असती, मग तू प्रॉडक्ट चालवतेस की समाजसेवा? कंपनीच्या पैशाने? आणि तुला नेमलं कुणी त्या बायकांची वकील म्हणून? शेवटचा प्रश्न बिनतोड आहे. मला कुणीच नेमलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात कासारवडवलीला शेअर रिक्षाच्या रांगेत त्याच बाई भेटल्या. त्यांनीच ओळखलं. खुशीत होत्या. "ताई, नव्या ॲपात मला चार पॉइंट सात आहेत. मॅडमनी मोबाइलवर दाखवलं. त्याच्यावर दोन घरं नवीन मिळाली, त्यातलं एक पैसेपण जास्त देतं. तुमच्यात का नव्हतं हो हे?"

मी गप्प. मग विचारलं, कमी तारे असतात त्यांचं काय होतं? "माझ्या जावेला तीन पॉइंट काहीतरी आहेत. तिला नवं काम मिळत नाही. पण ती दांड्या पण लई मारते." रिक्षात बसता बसता म्हणाल्या, "पोरगं आजारी असतं तिचं, ती तरी काय करणार."

ही गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा नवरा म्हणाला, बघ, म्हणजे तू चुकलीस. मैत्रीण म्हणाली, बघ, म्हणजे तू बरोबर होतीस. दोघांनीही तीच गोष्ट ऐकली होती. मला विचाराल तर ती मागणी उद्या पुन्हा आली तरी मी नाहीच म्हणेन. चार पॉइंट सातवाल्या बाईंच्या तोंडावर म्हणायची हिंमत होईल का, ते सांगता येत नाही.

आणि मागणी आलीच आहे. पूर्वी निदान एक पळवाट होती. "टीमला वेळ नाही, तिमाही भरलीय" म्हटलं की विषय मिटायचा, खरं कारण सांगावं लागायचं नाही. आता ती पळवाटही गेली. आमच्याकडे नुकताच लागलेला एक मुलगा आहे, हुशार. त्याने मागच्या आठवड्यात एआयकडून एका दुपारात रेटिंगचा अख्खा स्क्रीन उभा करून दाखवला. तारे, शेरे, फिल्टर, सगळं. छान झाला होता, मी तसं सांगितलंही. मग विचारलं, बाईंना स्वतःचे तारे कुठे दिसणार? तो म्हणाला, ते पुढच्या व्हर्जनमध्ये. चुकीच्या शेऱ्यावर त्यांनी तक्रार कुठे करायची? तेही पुढच्या व्हर्जनमध्ये. बाकीच्या ॲपांमध्ये हे कधीचं आहे, आपण कशाला थांबलोय, असं त्याने फार अदबीने विचारलं.

मी म्हटलं, गुरुवारी सकाळी साडेसहाला गेटवर ये, तिथेच बोलू. तो म्हणाला, "मॅडम, गुरुवारी वर्क फ्रॉम होम असतं." मग शुक्रवार ठरलाय.