भोळे, भोये, बोलेय

तहसीलीसमोर टेबल टाकून बसतो मी, बावीस वर्षं झाली. प्रतिज्ञापत्रं, वारसाचे अर्ज, आणि मोडी. मोडीला पूर्वी कुत्रं विचारत नव्हतं, २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं निघालं आणि आमच्यासारख्यांना एकदम दिवस आले, आता आठ दिवसांचा वर्ग केलेलेही 'मोडी तज्ज्ञ' पाटी लावून बसलेत, ते असो.

गेल्या हिवाळ्यातली केस आहे, अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय. तापीकाठचे एक केळीवाले शेतकरी, त्यांच्यासोबत पंचेचाळिशीचा, टोपी घातलेला, बाटलीतलंच पाणी पिणारा माणूस. सख्खे चुलतभाऊ. टोपीवाल्याचे वडील १९७१ ला इंजिनियर म्हणून अमेरिकेत गेले, न्यू जर्सीत वारले, इथल्या वडिलोपार्जित सात एकरांच्या सातबाऱ्यावर त्यांचं नाव होतं, आता मुलाचं आणि मुलीचं लागायला हवं. साधं वारसाचं काम. तिकडचा मृत्यूचा दाखला अपॉस्टिल करून, म्हणजे परदेशात चालेल असा सरकारी शिक्का घेऊन आणलेला, म्हणजे माणूस हुशार, नाहीतर बहुतेक जण नुसती झेरॉक्स घेऊन येतात आणि आपल्याशीच भांडतात.

घोळ आडनावाचा. सातबाऱ्यावर भोळे. वडिलांच्या जुन्या पासपोर्टावर इंग्रजीत बी-एच-ओ-एल-ई, त्यात ळ गेला, कारण इंग्रजीत ळ ला घरच नाही. अमेरिकेत ते स्पेलिंग लोक 'बोल' वाचायला लागले, शेवटचा ए खाऊन टाकायचे, भ तर त्यांना जमतच नाही. म्हणून नागरिकत्व घेताना, तिथे त्याच फॉर्मात नाव बदलून मागता येतं, वडिलांनी शेवटी ए-वाय करून घेतलं. ए वाचला. पोरगा स्वतःचं आडनाव 'बोलेय' सांगतो. दाखल्यावर तेच, आणि तलाठी म्हणे भोळे वेगळे, हे कोण वेगळेच.

टोपीवाल्याने मला एक गोष्ट सांगितली ती आवडली. अमेरिकेत घरोघरी सांगतात म्हणे, आमचं आडनाव एलिस बेटावरच्या साहेबाने बदललं. न्यूयॉर्कजवळचं ते बेट, बाहेरून येणाऱ्यांची तपासणी तिथे व्हायची, १८९२ ते १९५४ चालू होतं, पण तिथले साहेब नावं लिहून घेतच नव्हते, जहाज निघतं त्या बंदरावर कंपनीने केलेली यादी असायची तीच पुढे ठेवून तपासायचे. म्हणजे यादीत चूक असलीच तर ती निघाल्या ठिकाणी झालेली. तेव्हा मी नुसतं हो हो केलं.

मग चुलतभावाने पिशवीतून कोतवाल बुकाचा, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वहीचा उतारा काढला. गाव नमुना चौदा, १९४४ ची जन्माची नोंद, वडिलांचीच, मोडीत. आता हे माझ्या कामाचं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मोडीत आधी रेघ ओढतात आणि खाली अक्षरं हात न उचलता लटकवतात, शब्द कुठे संपला ते तुम्ही ओळखायचं, ऱ्हस्वदीर्घाची फिकीर नाही. पण ळ आणि य मात्र वेगळेच, त्यात गफलत होत नाही. आणि इथे स्वच्छ, शाई न पसरलेला, य होता. अमुक वल्द (म्हणजे मुलगा) तमुक भोये.

मी चुलतभावाला म्हटलं, आडनाव सांगा बरं मोठ्याने. "भोये." आता या कागदावर लिहा. त्याने लिहिलं भोळे. परत वाचायला लावलं, "भोये." त्याला त्यात काही वावगं वाटेना. आमच्याकडे जळगावचं जयगाव होतं, डोळ्याचे डोये, शाळेची शाया, लेवा बोलीत काय आणि अहिराणीत काय. कोतवाल तोंडी सांगायचा आणि लिहिणारा कानाने लिहायचा. म्हणजे ळ अमेरिकेत जायच्या सत्तावीस वर्षं आधी गावातच गेला होता. टोपीवाला एकदम म्हणाला, माझी आजी फोनवर आम्हाला भोयेच म्हणायची, मला वाटायचं तिचे दात नाहीत म्हणून.

चुलतभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, भोळे लिहून द्या ना, कोन वाचते मोडी?" खरं होतं, कोणी वाचत नाही. पण खाली सही करताना मी 'मूळ मोडीप्रमाणे लिप्यंतर' असं लिहितो, आणि बावीस वर्षांत एक काना इकडचा तिकडे केला नाही. भोये लिहिलं, खाली टीप टाकली की स्थानिक उच्चारात ळ चा य होतो.

टीप कोण वाचतं. आत टेबलावरच्या कारकुनाने विचारलं, भोये म्हणजे आदिवासी का? साक्री-सुरगाण्याकडे कोकणा समाजात भोये आडनाव आहे, आणि आदिवासीची जमीन निघाली की जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ आलं, हस्तांतराला परवानगी लागते. कारकुनाचं चुकलं असं म्हणवत नाही, असा प्रश्न सुचणारा माणूस तिथे दुर्मिळ, पण सुचला तो नेमका या फाईलवर. फाईल अडली. टोपीवाल्याची दहा दिवसांची सुट्टी संपली, तो गेला. जाताना माझ्याशी हात मिळवला, चुलतभावाने नाही.

नंतर गावच्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर शोधलं, त्यात बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, ठसठशीत भोळे. दोन म्हाताऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, एकच व्यक्ती असल्याची, त्याचे पैसे मी घेतले नाहीत. नोटिशीचे पंधरा दिवस गेले, हरकत नाही, मंडळ अधिकाऱ्याने फेरफार मंजूर केला. एकूण चार महिने. टीप न टाकता सरळ भोळे लिहिलं असतं तर पंधरवड्यात मोकळे झाले असते, हे बायकोनेही ऐकवलं.

आमच्या भागात परदेशी आडनावाची घरं आहेत, उत्तरेकडून येऊन पिढ्या झाल्या, तरी परदेशी. गुजराथी आडनावाचे आहेत, एकाच घरात एका भावाच्या आधारवर थ, दुसऱ्याच्या त. त्यांचे अर्ज मी डोळे झाकून टाईप करत आलो, कोणाला एका शब्दाने विचारलं नाही की घरात तुम्ही काय म्हणता. आता विचारतो. लोकांना वाटतं याला काम नाही.

परवा चुलतभाऊ नवा ऑनलाईन सातबारा घेऊन आला. दोन्ही भावंडांची नावं लागलीत. आडनाव, भोले. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ल आणि ळ एकाच बटणावर असतात, ळ ला शिफ्ट दाबावं लागतं, ऑपरेटरने दाबलं नाही. लेखनचुकीचा कलम १५५ चा अर्ज टाईप करायला घेतला तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या भाऊ, त्याले काय समजते तिकडे." मी शिफ्ट दाबून टाईप केलं, आणि या वेळी प्रिंट काढायच्या आधी त्यालाच वाचायला दिलं. त्याने वाचलं, "भोये. बरोबर आहे."